चार छपरं आणि एक तारीख

गच्चीवरच्या खोलीला चार भिंती होत्या, दोन खिडक्या होत्या, एक दार होतं आणि दाराला चांगली पितळी कडीही होती. फक्त छप्पर नव्हतं. त्यामुळे दार आतून लावून घेतलं तरी खोलीत कावळा येत असे, आणि येताना कडी वाजवत नसे.

या खोलीवर दशांशरावांच्या बायकोचा फार दिवसांपासून डोळा होता. आठ वर्षं तिनं गावातल्या एका मालकीणबाईंच्या शिवणवर्गात त्यांच्या विद्यार्थिनींना काजं करायला शिकवलं होतं. आता तिची स्वतःची चार मशिनं जमली होती, नऊ बायकांनी नावं दिली होती, आणि त्या नऊजणींना तिनं ठासून एक तारीख सांगितली होती. तारीख चुकली तर नऊच्या नऊ बायका जुन्या मालकीणबाईंकडे परत जाणार, हे तिला माहीत होतं. मालकीणबाईंनाही माहीत होतं, आणि त्या रोज येणाऱ्याजाणाऱ्याकडे खोलीची चौकशी करत होत्या.

"छप्पर काहीही घाला," तिनं नवऱ्याला सांगितलं. "पण एक तारखेच्या आत घाला."

हातात सात आठवडे होते. एखाद्या साध्या माणसानं दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं असतं. पण "काहीही" हा शब्द दशांशरावांच्या जिव्हारी लागला. ते कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते. दशांशराव हे नाव मुलांनी ठेवलेलं, पण ते इतकं चपखल बसलं होतं की खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. त्यांना वेळ विचारली तर सेकंदांसकट कळत असे. एकदा तापानं फणफणले असताना डॉक्टरांनी ताप किती म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी थर्मामीटरची स्वतःची चूक वजा करून आकडा सांगितला होता. अशा माणसाला काहीही घाला म्हणणं म्हणजे आचाऱ्याला काहीतरी शिजव म्हणण्यासारखं होतं.

मिस्त्री आला, त्यानं भिंतीवर बुक्की मारून बघितली आणि स्लॅबचं वजन या भिंतींना पेलणार नाही असं सांगितलं. मग उरले चार पर्याय: रंगीत लोखंडी पत्रा, सिमेंटचा पत्रा, कौलं आणि अर्धवट उजेड आत सोडणारा फायबरचा पत्रा. मिस्त्री म्हणाला, ठरवून कळवा. जाताना जिन्यात तो दशांशरावांच्या बायकोला हळूच म्हणाला की लोखंडी पत्रा दोन दिवसांत चढतो आणि कौलं यायलाच महिना लागतो. हे वाक्य पुढं महागात पडणार होतं, पण त्या वेळी दशांशराव वर खोलीचा कर्ण मोजत होते.

छप्पर घालायचं आहे ही बातमी गल्लीत पसरली, आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, पत्र्यासारखी वस्तू नाही. एकदा ठोकला की माणूस मरेपर्यंत बघायला नको. समोरचे कंपाउंडर म्हणाले, पत्रा म्हणजे निव्वळ तवा, कौलंच घाला. मेव्हणा मुद्दाम दोन बस बदलून आला आणि फायबरशिवाय दुसरं काही घातलंत तर मी पुन्हा या घराची पायरी चढणार नाही, असं सांगून जेवून गेला. दशांशरावांनी तिन्ही सल्ले लिहून घेतले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की पोस्टमास्तरांच्या घरावर कौलं आहेत, कंपाउंडरांच्या घरावर पत्रा आहे आणि मेव्हणा स्लॅबखाली राहतो. प्रत्येक जण स्वतःच्या डोक्यावर जे नाही त्याचीच शिफारस करत होता. शास्त्राच्या दृष्टीनं अशा साक्षी बाद होत्या.

"प्रयोग करावा लागेल," ते बायकोला म्हणाले.

"किती दिवस?"

"एकवीस."

बायकोनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मनात हिशेब केला आणि चार आठवडे उरतात म्हणून होकार दिला. इथंच ती फसली. कारण दशांशरावांचे एकवीस दिवस प्रयोग सुरू झाल्यापासूनचे होते, आणि प्रयोग सुरू व्हायच्या आधी दोन आठवडे त्याची तयारी चालली.

तयारी अशी की त्यांनी प्लायवूडची चार सारखी खोकी बनवली. लांबी साठ सेंटीमीटर, रुंदी पंचेचाळीस, उंची पंचेचाळीस. प्रत्येकावर एकेक प्रकारचं छप्पर, सगळ्यांचा उतार एकच, सगळ्यांची तोंडं दक्षिणेला. पुढच्या बाजूला एक भोक आणि भोकातून आत गेलेला थर्मामीटर. अंगणात भिंतीलगत ही खोकी ओळीनं मांडली, तेव्हा घरातल्या कन्येला ती फार उघडीवाघडी वाटली. ती शेवटच्या वर्षाला चित्रकला शिकत होती. तिनं चारही खोक्यांवर दारं काढली, पडदे लावलेल्या खिडक्या काढल्या, आणि नंबराच्या पाट्या रंगवल्या: एक, दोन, तीन, चार. दशांशरावांनी रंगाचा तापमानावर होणारा परिणाम विचारात घेतला आणि रंग चौघांवर सारखाच असल्यामुळे परवानगी दिली.

आता प्रश्न उरला वाचनांचा. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाचं तापमान दशांशराव स्वतः बघणार होते. पण खरं ऊन दुपारचं, आणि दुपारी ते कॉलेजात. तेव्हा बाराचं वाचन बायकोकडे, दोनचं त्यांच्याकडेच राहणाऱ्या सासऱ्यांकडे आणि चारचं मुलीकडे, अशी विभागणी झाली. तिघांना त्यांनी अंगणात उभं करून थर्मामीटर कसा वाचायचा, डोळा पाऱ्याच्या पातळीत कसा आणायचा, हे शिकवलं. तिघांनीही फार मन लावून ऐकलं. इतकं मन लावून घरात त्यांचं आजवर कोणी ऐकलं नव्हतं, आणि शास्त्रीय वृत्तीच्या माणसाला तिथंच शंका यायला हवी होती.

एकवीस दिवस वाचनं झाली. दशांशराव रोज रात्री जेवल्यावर आकडे आलेखावर चढवत, आणि जसजसा आलेख वाढत गेला तसतशी त्यांची झोप उडत गेली. सकाळी आठला चारही खोकी सारखीच. दुपारी बाराला लोखंडी पत्र्याचं खोकं सगळ्यात थंड. पण दोन वाजता हाच पत्रा तापे आणि कौलं एकदम गार पडत. चार वाजता कौलं मागं पडत आणि फायबर बाजी मारी. संध्याकाळी सहाला सगळी पुन्हा सारखी. हे एक दिवस नाही, दोन दिवस नाही, एकवीस दिवस. सिमेंटचा पत्रा तेवढा या भानगडीत नव्हता; तो आपला उन्हाबरोबर तापत होता आणि उन्हाबरोबर निवत होता, आणि दशांशरावांना तो जरा मंदच वाटायला लागला होता.

असं काही कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आणि जे पुस्तकात नाही ते एक तर चूक असतं किंवा शोध असतो. दशांशरावांनी शोध धरला. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या काचा पुसल्यावर माणसानं काय धरावं? प्रत्येक छप्परसामग्रीचा शीतलतेचा स्वतःचा एक प्रहर असतो, असा सिद्धान्त त्यांनी मांडला, तो अकरा पानांत लिहिला आणि शनिवारी कॉलेजच्या विज्ञान मंडळापुढं वाचला. त्यासाठी ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले होते.

वाचन संपलं. विभागप्रमुख बाई पुढच्याच रांगेत होत्या. त्यांनी आलेख हातात घेतला, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

"बाराची वाचनं कोण घेतं?"

"पत्नी."

"दोनची?"

"सासरे."

"आणि चारची मुलगी, असंच ना?" बाईंनी आलेख परत दिला. "घरी जाऊन एकच विचारा. यांतल्या कोणाला कुठलं छप्पर हवंय?"

मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं, पण तो सर्दीचा खोकला नव्हता. दशांशरावांनी अकरा पानं गोळा केली. बाई तेवढ्यात चांगुलपणानं म्हणाल्या की सिमेंटच्या पत्र्याची वाचनं मात्र फार सुरेख आहेत. त्यानं दुःख आणखीच वाढलं.

घरी आल्यावर त्यांनी शर्ट न बदलता तिघांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि विचारलं. पहिल्यांदा सासऱ्यांनी कबूल केलं, आणि तेही उलट चढ्या आवाजात. आपण खोटा आकडा एकही लिहिलेला नाही, पारा जिथं होता तिथंच वाचला आहे. कौलांसारखं छप्पर नाही म्हणून वाचायच्या आधी कौलांवर दोन तांबे पाणी ओतत होतो, पण झाडाला घालतो तसं कौलांना घातलं तर त्यात लबाडी कसली? मुलीनंही पाऱ्याला हात लावला नव्हता. ती साडेतीनला फायबरचं खोकं उचलून झाडाच्या सावलीत ठेवी आणि चारनंतर पुन्हा जागेवर आणी, कारण वर्ग सुटल्यावर ती खोली तिला चित्रांसाठी हवी होती आणि चित्राला वरून उजेड लागतो.

"आणि तू?" दशांशराव बायकोकडे वळले.

"मी काही ओतलं नाही, काही हलवलं नाही," ती म्हणाली. "पत्र्याचा आकडा जरा मोठा वाटला की तीन अंश आत घेत होते. ढगळ झंपर आत घेतो तसं."

"एकवीस दिवस?"

"मिस्त्री म्हणाला, पत्रा दोन दिवसांत चढतो. मला एक तारीख गाठायचीय हो. तुम्हाला छपराचं पडलंय, मला त्या नऊजणींचं पडलंय. त्या परत गेल्या तर मी पण परत तिकडंच जायचं, काजं करायला."

एक तारखेला बारा दिवस उरले होते. दशांशराव शास्त्रज्ञाला शोभेल अशा धीरानं म्हणाले, ठीक आहे, पत्राच घालू. मिस्त्रीला सोमवारी बोलावू. बायकोनं त्यांच्यापुढं न मागता चहा ठेवला. सगळं खरं म्हणजे इथंच संपायचं.

पण सोमवारी मिस्त्रीच्या आधी नगरपालिकेचा शिपाई आला. त्यानं दारावर कागद चिकटवला. आवारात विनापरवाना उभारलेल्या स्वतंत्र इमारती, संख्या चार, यांबाबत ही नोटीस असून, निकाल लागेपर्यंत संपूर्ण मिळकतीत जैसे थे परिस्थिती ठेवावी, कोणतेही नवे बांधकाम करू नये.

दशांशरावांनी नोटीस तीनदा वाचली. मग घरात चौकशी केली, तेव्हा सासऱ्यांना आठवलं की दहाएक दिवसांपूर्वी एक मोजणीवाला फाटकाशी आला होता. घाईत होता, आत काही आला नाही. त्यानं विचारलं, आजोबा, आवारात काही नवीन बांधलंय का? आता विचारल्यावर सांगायला नको? सासऱ्यांनी सांगितलं की हो, चार. एकावर पत्रा आहे, एकावर सिमेंट, एकावर कौलं आणि एकावर ते नवीन निघालंय ते. नंबरसुद्धा घातलेत. मोजणीवाल्यानं चार ठिकाणी खुणा केल्या आणि तो गेला. माणूस फार सभ्य होता, असंही सासरे म्हणाले.

गैरसमज पाच मिनिटांत दूर होईल अशी दशांशरावांची खात्री होती. पुरावा म्हणून त्यांनी दोन नंबरचं खोकं चादरीत गुंडाळलं, स्कूटरवर पुढं उभं केलं आणि नगरपालिकेत नेऊन बांधकाम विभागाच्या कारकुनाच्या टेबलावर ठेवलं.

कारकुनानं चादर उचलून बघितली. दार बघितलं, पडदे बघितले, पाटी वाचली. मग फाइल उघडली.

"ही इमारत क्रमांक दोन?"

"ही इमारत नाही, खोकं आहे."

"नोटिशीत आहे ती हीच ना?"

"हीच."

"मग ही तुम्ही जागेवरून हलवलीत कशी?" कारकुनानं पेन खाली ठेवलं. "जैसे थे लिहिलंय, साहेब."

दशांशरावांनी खोक्याची लांबी, रुंदी, उंची सांगितली. कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं नियमांचं पुस्तक काढून त्यांच्यापुढं ठेवलं. चार भिंती, छप्पर आणि आत जाण्यास मोकळीक असलेली रचना म्हणजे इमारत. उंची जास्तीत जास्त किती असावी हे लिहिलं होतं. कमीत कमी किती, हे लिहायचं कोणाला सुचलं नव्हतं. दशांशरावांनी विचारलं की आत कोण जाणार? कारकुनानं त्या भोकाकडे बोट दाखवून विचारलं की मग ही मोकळीक कशासाठी ठेवलीय? दशांशराव म्हणाले, थर्मामीटरसाठी. कारकुनानं रहिवाशांच्या रकान्यात "थर्मामीटर, एक" असं लिहिलं.

फाइल बंद करायचे दोनच मार्ग होते. एक तर चारही इमारतींचे नकाशे देऊन त्या नियमित करून घ्यायच्या, किंवा पाडायच्या. आत्ता इथंच लाथ घालून पाडतो, असं दशांशराव म्हणाले. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात हिंसक वाक्य होतं. पण मालकानं परस्पर पाडून चालत नव्हतं. पाडायला पथक येतं, पंचनामा होतो, आणि पथकाची पुढची तारीख होती पुढच्या महिन्याची सतरा. तोवर गच्चीवर एक पत्रा जरी चढवला तर दंड आणि फाइलीत पाचवी इमारत. कारकुनानं स्वतः उठून खोकं स्कूटरपर्यंत आणून दिलं. जागेवर ठेवताना तोंड पूर्वीसारखंच दक्षिणेला करा, असंही बजावलं.

त्या संध्याकाळी दशांशरावांनी बायकोला सगळं सांगितलं. सांगताना त्यांनी एकदाही आकडा वापरला नाही, यावरून तिनं काय ते ओळखलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त नऊजणींच्या नावांची यादी काढली, तिच्याकडे बघितलं आणि घडी करून पुन्हा डब्यात ठेवली. रात्रीच्या जेवणात कोणी कोणाला वाढ म्हटलं नाही. सासऱ्यांनी आपणहून पाट उचलले, आणि हे घरात यापूर्वी घडलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच नगरपालिकेत गेली. एकटी नाही, यादीतल्या तिघींना घेऊन. अर्ध्या तासात परत आली ती तंबूच्या जाड कापडाचा भलामोठा गठ्ठा रिक्षात घालून.

"हे काय?"

"छप्पर," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना विचारलंत, बांधकाम कशाला म्हणतात. मी विचारलं, कशाला म्हणत नाहीत. त्यानं वाचून दाखवलं. शिवलेला कापडी आडोसा बांधकामात धरत नाहीत."

दशांशराव थक्क झाले. मग त्यांच्यातला दशांश जागा झाला आणि त्यांनी कापडाची उष्णतारोधकता काय, असं विचारायला तोंड उघडलं. तिनं त्यांच्या हातात टेप दिली.

"प्रयोग नको. तुम्ही फक्त माप काढून द्या. ते तुमच्यासारखं कोणाला जमत नाही."

एवढ्या एका वाक्यावर हा माणूस गच्चीवर दोन तास उन्हात उभा राहिला. खोली बारा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब. मधोमध उंचावर आडवा पाइप टाकून दोन्हीकडे उतार द्यायचा होता. त्यामुळं लांबी किती वाढेल हे त्यांनी वर्गमूळ काढून ठरवलं. कापडाचा पन्हा तीन फूट. बाराला तीननं भागलं, चार आले, बाकी शून्य. बाकी शून्य आली की दशांशरावांना देव भेटल्यासारखं व्हायचं. चार पट्टे, एक इंच कमी नाही, एक इंच जास्त नाही. त्यांनी आकडे सुवाच्य अक्षरात लिहून दिले, खाली रेघ मारली आणि रेघेखाली सही केली.

नऊजणी तारखेच्या आधीच जमल्या. चार मशिनं अंगणात उतरवली होती आणि त्यांत जाड सुया घातल्या होत्या. पहिला धडा परकराचा व्हायचा होता, तो छपराचा झाला. तीन दिवस अंगणात असा खडखडाट चालला की पोस्टमास्तर दोनदा फाटकाशी आले आणि कापडापेक्षा पत्रा कसा बरा हे सांगून गेले. कंपाउंडर पट्टे धरायला आले, मेव्हणा आलाच नाही. दशांशराव कॉलेजातून आल्यावर मशिनांच्या मधून हात मागं बांधून फिरत, आणि माप बरोबर आहे ना, असं कोणी विचारलं की, बाकी शून्य आहे, म्हणून सांगत.

एक तारखेला सकाळी छप्पर चढलं. मिस्त्रीनं पाइपवरून कापड सोडलं, कडांतून दोर ओढले, आणि ते चारी भिंतींवर अस्सं बसलं की जणू त्या मापाची भिंत बांधून घेतली होती. बाहेर सगळीकडे चार बोटं झालर लोंबत होती. नऊजणींनी टाळ्या वाजवल्या. दशांशरावांनी मान किंचित झुकवून त्या स्वीकारल्या.

मग त्यांची नजर वर गेली आणि सवयीनं त्यांनी पट्टे मोजले. पुन्हा मोजले.

"पाच आहेत," ते म्हणाले.

"हो."

"मी चार सांगितले होते."

बायको फळ्याजवळ उभी होती. तिनं खडू हातात घेतला होता आणि नऊजणी वह्या उघडून बसल्या होत्या. तिला हे बोलायचं नव्हतं असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, पण शिकवायचा धडा नेमका तोच होता.

"माप बरोबर असलं तरी त्यावर कापड कापायचं नाही," ती वर्गाला म्हणाली. "प्रत्येक शिवणीत दोन्हीकडचं कापड आत जातं. कडा दुमडताना जातं. कापड पाण्यानं आटतं. ते सगळं मापात दिसत नाही, पण धरावं लागतं. नाहीतर छपराला हातभर आकाश राहतं."

नऊजणी माना खाली घालून लिहीत होत्या. त्यांतल्या दोघींचे खांदे हलत होते. दशांशराव दारात उभे होते. विज्ञान मंडळापुढं झाली होती तशीच कानाची पाळी त्यांना तापल्यासारखी वाटली. खाली निघून जावं, असा विचार त्यांनी केला, एक पायरी उतरलेही. पण डोक्यात एक शंका वळवळायला लागली होती आणि ती घेऊन जिना उतरणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी परत येऊन हात वर केला.

बायको बघतच राहिली. "काय हो?"

"शिवणीत जातं ते किती धरायचं? नेमकं?"

"कापड बघून."

"बघून म्हणजे काय बघून?"

ती हसली नाही. तिनं उरलेल्या कापडाचा एक तुकडा त्यांच्याकडे फेकला आणि शेवटच्या मशिनामागचं रिकामं स्टूल दाखवलं. दशांशरावांनी चपला दाराशी काढल्या, स्टूल पुढं ओढलं, आणि शेजारच्या विद्यार्थिनीकडे अगदी हळू आवाजात एक कोरा कागद मागितला.